एकेचाळिसावं प्रकरण

१

गुरुवारी सकाळी वाचनालय उघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तोच अध्यक्षांनी ते लाल पाठीचं पुस्तक टेबलावर असं आपटलं की शिक्का उडून खाली पडला.

"शेवट गायब आहे," ते म्हणाले. "अख्खा शेवट!"

अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं. स्वतःचा चष्मा ते एरवी कपाळावर ठेवत आणि रागावले की नाकावर घेत. आज तो नाकावर होता. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या ग्रंथपाल मुलीचा चेहरा पार उतरला.

मागच्या खोलीत डिंकमावशी एका जुन्या शब्दकोशाची पाठ चिकटवत होती. एकतीस वर्षं ती या वाचनालयाची पुस्तकं बांधत होती. ग्रंथपाल मुलगी तिच्या सख्ख्या बहिणीची लेक, म्हणून तिची ती मावशी. आणि डिंकाचा वास अंगाला कायमचा बसल्यामुळे बाकी सगळ्यांची डिंकमावशी. आपण पुस्तकं बांधतो, वाचत नाही, असं ती ठासून सांगायची. पण पुस्तकाची शेवटची पानं सगळ्यांत आधी सुटतात, त्यामुळे शेकडो कादंबऱ्यांचे शेवट तिला तोंडपाठ होते आणि सुरुवात एकीचीही माहीत नव्हती.

ती हात पुसत बाहेर आली. "तुम्हाला कसं कळलं, साहेब? कालच तर नेलंत. एका रात्रीत वाचून झालं?"

अध्यक्ष जरा चाचरले. "मी शेवट आधी वाचतो. उगाच डोक्याला ताप नको. अनुक्रमणिकेत बघितलं, प्रकरण एकेचाळीस, 'संध्याकाळची सुई', पान तीनशे एकवीस. जाऊन बघतो तर पुस्तक तीनशे वीसलाच संपलेलं!"

एका तपास अधिकारी बाईची ही रहस्यकथा सध्या भलतीच गाजत होती. सात-आठ पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी वाचकाचा जीव टांगणीला. निम्म्या सभासदांनी ती इकडून तिकडून मिळवून वाचली होती. वाचनालयाची मात्र एकच प्रत, आणि तिच्यासाठी मोठी यादी. या प्रतीला भाचीने एक नवी पद्धत लावली होती. मागच्या पुठ्ठ्याला एक खिसा चिकटवलेला. परत करताना वाचकाने आपलं मत दोन-चार ओळींत लिहून त्यात टाकायचं. अट एकच, शेवट फोडायचा नाही.

"शनिवारी पाच वाजता याच पुस्तकावर बैठक आहे," अध्यक्ष म्हणाले. "बैठकीत तर शेवटावरच चर्चा रंगणार. आणि आपल्या पुस्तकाला शेवट नाही! या चिठ्ठ्यांचे लाड नकोत, मी आधीच म्हणालो होतो. शनिवारपर्यंत पानं सापडली नाहीत तर चिठ्ठ्या बंद. आणि पुढच्या महिन्यात तुमची मुदत संपते आहे, ती वाढवायची की नाही, त्याचाही विचार करावा लागेल."

ते गेल्यावर भाची मटकन खुर्चीत बसली. तिच्या पगारावर आई आणि शिकणारा भाऊ, दोघं अवलंबून होते. डिंकमावशीला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"रडतेस काय? पुस्तक इकडे दे," ती म्हणाली.

तिने पुस्तक उजेडात धरलं, पाठ वाकवली आणि आत डोकावली. पान फाडलेलं नव्हतं. पातं फिरवल्याची खूणही नव्हती. शेवटचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेली सोळा पानं, शिलाई उसवून अलगद काढला होता. उरलेल्या पुस्तकाचा दोरा सैल पडू नये म्हणून त्याला गाठ मारली होती, आणि वरून कोरा कागद पुन्हा नीट चिकटवला होता.

"हा चोर पुस्तकाची काळजी करणारा आहे," ती पुटपुटली. तिने भिंग घेतलं. गाठ बारीक होती आणि चमत्कारिक होती. पहिल्या वेढ्यात दोरा एकदा नव्हे, दोनदा फिरवलेला, मग वर साधी गाठ. एकतीस वर्षांत तिने अशी गाठ मारली नव्हती आणि दुसऱ्या कुठल्या बाइंडरने मारलेली पाहिली नव्हती.

२

खिशात तीन चिठ्ठ्या होत्या. भाचीने तारखेनुसार लावून दिल्या.

पहिली शिंपीभाऊंची: "एका बैठकीत वाचलं. इस्त्रीखाली गिऱ्हाइकाची पँट जळाली. तपास करणारी बाई एक नंबर, पण एकच कोट घालून एवढी धावते आणि त्याचं एक बटणही तुटत नाही, हे पटत नाही. शेवटी मात्र टाळकंच सटकलं!"

दुसरी सिस्टरची, म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांचं बघणाऱ्या नर्सबाईंची: "छोटी प्रकरणं, त्यामुळे दोन घरांच्या मध्ये वाचता येतात. बाई धाडसी आहे. ती कधी दमत कशी नाही? शेवट वाचून माझे हात थरथरले."

तिसरी हेडसरांची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं ठळक होतं: "वेग पुष्कळ, शुद्धलेखन कमी. स्त्री अधिकाऱ्याचे पात्र उत्तम. गुन्हेगार कोण हे मी एकविसाव्या प्रकरणातच ओळखले होते. शेवटी तोच निघाला."

हेडसरांनी सवयीप्रमाणे पुस्तकभर पेन्सिल चालवली होती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, स्वल्पविराम घातले होते. अनुक्रमणिकेत सदतिसाव्या प्रकरणाचा पानक्रमांक चुकला होता, तोही त्यांनी खोडून बरोबर केला होता. डिंकमावशीला हसू आलं.

"सुईचं काम आहे, तर सुईवाल्याकडे जाते," असं म्हणून ती पुस्तक पिशवीत घालून निघाली.

शिंपीभाऊ मशीनवर वाकले होते. त्यांनी ऐकलं आणि कानाची पाळी धरली. "मी? मावशी, मला पुस्तकाच्या अंगाला सुई लावायची हिंमत नाही. कापड माफ करतं, कागद करत नाही."

"बरं, या चिंधीला दोन टाके घाला आणि दोरा बंद करा."

शिंपीभाऊंनी टाके घातले, सुई तिथल्या तिथे दोनदा मागे फिरवली आणि कच्चकन दोरा कापला. गाठ मारलीच नाही.

"गाठ?"

"गाठ अंगाला टोचते. आम्ही टाका मागे फिरवूनच दोरा अडकवतो."

म्हणजे शिंपीभाऊ सुटले. डिंकमावशी स्टुलावर बसली. "आता त्या प्रकरणात काय आहे ते सांगा. मी कुणाला सांगायची नाही."

शिंपीभाऊंच्या पोटात ती गोष्ट तीन आठवडे उसळत होती. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. "चाळिसाव्या प्रकरणात म्हाताऱ्याच्या खुनाबद्दल घरातल्या सुनेच्या धाकट्या दिराला बेड्या पडतात. तो कबूलही करतो. वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. दीर लबाड आहे हे पहिल्यापासून कुणालाही कळतं. पण एकेचाळिसाव्यात बाई पुन्हा त्या घरी जाते. दीर कुणाला तरी वाचवायला खोटं बोललेला असतो! खरा खून केलेला असतो रोज संध्याकाळी म्हाताऱ्याला सुई टोचायला येणाऱ्या नर्सने. चाळीस प्रकरणं ती आपल्या डोळ्यांसमोर असते, मावशी, आणि कुणी तिच्याकडे बघत नाही!"

डिंकमावशी परतताना रस्त्यातच थांबली. शिंपीभाऊंना धक्का बसला होता. सिस्टरचे हात थरथरले होते. हेडसर मात्र म्हणत होते, मी ओळखला तोच निघाला. म्हणजे त्यांनी चाळिसाव्या प्रकरणापर्यंतच वाचलं होतं. पुस्तक त्यांच्या हातात पडलं तेव्हाच ती पानं गेलेली होती.

तिने वाचनालयात येऊन नोंदवही उघडायला लावली. भाचीने बोट ठेवून वाचलं. सिस्टरने पुस्तक परत केलं तो मागच्या आठवड्यातला मंगळवार. त्याच दिवशी हेडसरांच्या नावावर लागलं. पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नेणार: सिस्टर.'

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "हेडसरांना रोज संध्याकाळी सुई देतात त्या याच."

३

सहाला पाच मिनिटं कमी असताना डिंकमावशीने हेडसरांच्या घराची कडी वाजवली.

हेडसर एकटे राहत. मुलगा दूर नोकरीला. खोलीत भिंतभर पुस्तकं, खिडकीजवळ आरामखुर्ची, टेबलावर औषधांचा डबा. सिस्टर मोजूनमापून इन्शुलिन भरत होती. हेडसरांनी सदरा वर केला, सुई टोचेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मग मान वळवली.

"बसा, मावशी. बैठकीचं निमंत्रण घेऊन आलात? मी येणार आहे. मुद्दे काढून ठेवलेत."

सिस्टरच्या हातून कापूस खाली पडला. "सर, तुम्ही येणार? जिने चढायचे आहेत."

"पुस्तक परत करायला मी स्वतःच गेलो होतो की. सहा महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडलो. त्या तपास अधिकारी बाईने माझ्या अंगात वारं भरलंय!"

"शेवट आवडला, सर?" डिंकमावशीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लिहिलंय ना चिठ्ठीत. मी ओळखला तोच निघाला."

सिस्टर टेबलावरचा कचरा एका छोट्या पिशवीत भरत होती. तिने पिशवीच्या तोंडाशी दोरा घेतला, एकदा फिरवला, आणखी एकदा फिरवला, ओढला, वर साधी गाठ मारली. हात इतके सवयीचे की नजर दुसरीकडेच होती. डिंकमावशीला एकदम वाईट वाटलं. सापडावं म्हणून ती दिवसभर हिंडली होती, आणि सापडलं तर ही बाई सापडली.

जिन्याच्या वळणावर तिने सिस्टरला गाठलं. "अशी गाठ कुठे शिकलीस गं?"

"ऑपरेशन थिएटरात. दोन वेढे घेतले की दोरा निसटत नाही." बोलता बोलता सिस्टरला डिंकमावशीच्या पिशवीतली लाल पाठ दिसली. ती पायरीवरच बसली.

"आपल्या पेशाची बदनामी वाटली म्हणून काढलीस पानं?"

"छे हो मावशी! पेशाची कसली बदनामी? गोष्टच ती." तिने डोळे पुसले. "सरांना शंका घ्यायची सवय आहे. वय झालं, एकटेपण आहे. माझ्याआधीच्या दोघींना त्यांनी हाकलून दिलं. मला विष टोचतात म्हणाले. दहा दिवस सुई घेतली नाही आणि बेशुद्ध पडले. दवाखान्यातून जेमतेम परत आणलं त्यांना. मग मी आले. पहिला महिना ते बाटलीवरचा शब्द न् शब्द वाचायचे, मगच टोचू द्यायचे. आता कुठे मान वळवतात. तुम्ही बघितलंत ना, मान वळवली? एवढ्यासाठी सहा महिने लागले."

"मग पुस्तक दिलंसच कशाला?"

"माझ्यानंतर त्यांचंच नाव होतं यादीत. त्यांना यादी पाठ. रोज विचारायचे, झालं का वाचून? वाटलं, पानं तेवढी काढते, ते परत देतील तेव्हा मीच घेऊन जाईन आणि जशीच्या तशी लावीन. तर ते स्वतः काठी घेऊन निघाले! मला कळलं तेव्हा पुस्तक जागेवर पोचलं होतं."

तिने पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं. आत सोळा पानं, एकही दुमडलेलं नाही.

डिंकमावशीने पाकीट हातात घेतलं. भाचीची नोकरी आता वाचेल. पण शनिवारी पंचवीस माणसं नर्सच्या सुईवर चर्चा करणार, आणि पहिल्या रांगेत हेडसर बसणार. सोमवारपर्यंत तिसरी सिस्टर हाकलली जाईल, आणि त्यानंतर दहा दिवस तरी हेडसर काढतील का, कुणास ठाऊक.

"त्यांना घरीच थांबवता येईल?" तिने विचारलं.

"त्यांना?" सिस्टर रडता रडता हसली. "मावशी, त्यांनी कोट इस्त्रीला दिलाय."

४

शनिवारी पाच वाजता वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या. शिंपीभाऊ नवा सदरा घालून आले. हेडसर कोटात, काठी टेकत, पहिल्या रांगेत. सिस्टर मागे दाराजवळ उभी, जणू पळायची वेळ आली तर सोयीचं.

पुस्तक टेबलावर होतं. डिंकमावशीने ते शुक्रवारी दुपारी पुन्हा शिवलं होतं आणि ते शिवताना ठरवलंही होतं. अध्यक्षांनी विचारण्याआधीच ती उठली.

"शेवटचा फर्मा मिळाला. चूक माझी. शिलाई सैल होती म्हणून मी तो काढला आणि शब्दकोशाच्या कागदांत राहून गेला. भाचीचा काही दोष नाही."

भाची आ वासून बघत राहिली. एकतीस वर्षांत डिंकमावशीचं एक पान हरवलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शिंपीभाऊंनी तर चिंधीवर टाके घालून दाखवले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मावशीने डोळे वटारताच मिटलं.

"असो, मिळाला ना!" अध्यक्षांचा चष्मा कपाळावर गेला. "मग ग्रंथपालबाईंची मुदतही वाढली आणि चिठ्ठ्याही चालू. आणि ज्यांचा शेवट हुकला त्यांच्यासाठी असं करू, एकेचाळिसावं प्रकरण इथेच मोठ्याने वाचू!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चा शेवटाकडे वळली की विषय बदलायचा, एवढंच डिंकमावशीने ठरवलं होतं. हा विचार तिने केलाच नव्हता.

"आज नको," ती म्हणाली. "डिंक ओला आहे."

"मी वाचतो," हेडसर म्हणाले.

ते उठले, पुस्तक हातात घेतलं आणि नेमकं पान तीनशे एकवीस उघडलं. शोधावं लागलं नाही. त्यांनी वर्गात वाचावं तसं वाचायला सुरुवात केली, स्पष्ट, थांबत थांबत. अधिकारी बाई घरी आली. तिने औषधांचं कपाट उघडलं. नर्सच्या पिशवीतली रिकामी कुपी सापडली. हेडसरांचा आवाज एकदाही हलला नाही. दाराजवळ सिस्टर भिंतीला टेकली होती. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी पुस्तक मिटलं.

"छान लिहिलंय," हेडसर म्हणाले. "आता माझं मत सांगतो. चिठ्ठीत मी थाप मारली होती. आयुष्यातली ती पहिली नव्हे, पण लेखी पहिलीच."

कुणीतरी हसलं.

"मी कुठलंही पुस्तक अनुक्रमणिकेपासून वाचतो. त्यात एकेचाळीस प्रकरणं आणि हातात चाळीस. राहिलेल्याचं नाव 'संध्याकाळची सुई'. हे वाचून माझ्या मनात काय आलं असेल, सांगायला नको. पुस्तक मला कुणी आणून दिलं, तेही मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी दार उघडायचं नाही असं ठरवलं होतं."

डिंकमावशीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. अनुक्रमणिकेतला तो पेन्सिलीने सुधारलेला आकडा! तिने तो पाहिला होता आणि हसून पुढे गेली होती.

"मग मी विचार केला," हेडसर पुढे म्हणाले. "त्या बाईकडून शिकलो होतो ना, चाळीस प्रकरणं. ज्याला मला मारायचं आहे, त्याने काय करावं? काहीही करू नये. पुस्तक जसंच्या तसं माझ्या हातात द्यावं. मी ते वाचलं असतं, घाबरलो असतो, सुई बंद केली असती आणि आठवड्यात आपला आपण संपलो असतो. कुणाकडे बोटही दाखवता आलं नसतं. ती पानं कुणी काढली, तर ज्याला मी जगायला हवा होतो त्याने. मग मी दार उघडलं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. डिंकमावशीला भडभडून आलं, आणि तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"सर, मग मला बोलला का नाहीत?" दाराजवळून सिस्टर म्हणाली.

"बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, मी अजून शंका घेतो, सिस्टर. लपूनछपून पानं लावायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून पुस्तक मीच नेऊन दिलं. मला वाटलं, तुम्ही पानं मावशींकडे द्याल, त्या गुपचूप शिवतील आणि विषय मिटेल. इथे पोरीची नोकरी पणाला लागली, हे आत्ता मावशी खोटं बोलल्या तेव्हा कळलं. फार वाईट खोटं बोलता, मावशी."

"सवय नाही, सर," डिंकमावशी नाक ओढत म्हणाली.

हेडसरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सहा वाजले. मावशी, तुमची मागची खोली मिळेल?"

मागच्या खोलीत शब्दकोशाच्या शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. हेडसर बसले, कोट काढून त्यांनी डिंकमावशीच्या हातात दिला आणि सदरा वर केला. सिस्टरने कुपी घेतली. सवयीप्रमाणे तिने ती त्यांच्यासमोर धरली, वरचा शब्द न् शब्द वाचता यावा म्हणून. त्यांनी वाचली नाही.

सुई भरताना तिचे हात थरथरत होते.

"सावकाश, सिस्टर," हेडसर म्हणाले आणि त्यांनी मान वळवली. "मला घाई नाही."